‘ग्रेट’, ‘थोर’ आणि ‘बुद्रुक’

जालना जिल्ह्यातील गावांची महसुली यादी सहज चाळली, तरी काही नावांच्या शेवटी लावलेली ‘बु.’ आणि ‘खु.’ ही दोन अक्षरे डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाहीत. भोकरदन तालुक्यात पारध बुद्रुक आहे, जाफराबाद तालुक्यात वरुड बुद्रुक आहे, आणि जिथे एखादे गाव बुद्रुक म्हणून नोंदलेले असते तिथे त्याचा खुर्द नावाचा जोडीदारही बहुधा शिवेला शीव लावून उभा असतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, एस.टी.च्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि पोस्टाच्या पत्त्यावर ही अक्षरे इतक्या सवयीने उमटतात की, ती एके काळी पूर्ण शब्द होती, ते शब्द विशेषणे होती आणि त्या विशेषणांना नेमका अर्थ होता, याचा विसर लिहिणारा व वाचणारा या दोघांनाही पडलेला असतो. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची ‘बीके’ आणि ‘केएच’ अशी आद्याक्षरे झाली, तेव्हा तर उरलासुरला अर्थही त्या कागदांच्या घडीत नाहीसा झाला.

बुद्रुक म्हणजे मोठे आणि खुर्द म्हणजे लहान. दोन्ही शब्द फारसी आहेत. पहिल्याचे मूळ रूप ‘बुजुर्ग’ असे असून मराठी जिभेवर त्यातील ‘ज’चा ‘द’ झाला, मागचा रकार पुढे सरकला आणि अखेरचा ‘ग’ कठोर होऊन ‘क’ बनला. दुसरा शब्द मात्र जसा आला तसाच राहिला. हे सांगून विषय आटोपता आला असता. परंतु मोठेपणा दाखविणाऱ्या विशेषणांचा इतिहास सर्वच भाषांत मोठा कौतुकास्पद असतो, आणि इंग्रजीतील ‘ग्रेट’ हे विशेषण, आपले ‘थोर’ आणि दप्तरातले ‘बुद्रुक’ ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर शब्दांविषयी आणि दप्तरांविषयीही पुष्कळ काही उमगते.

‘ग्रेट’ हा शब्द आज इंग्रजी न शिकलेल्या मराठी माणसाच्या तोंडीही बसला आहे. चहा चांगला झाला तर ग्रेट, मुलगा परीक्षेत उतरला तर ग्रेट, आणि गावाला वेळेवर एस.टी. मिळाली तर तीही ग्रेटच. या उदारपणाने वापरल्या जाणाऱ्या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ मात्र ‘जाड, भरड, स्थूल’ असा होता. जर्मन भाषेतला ‘ग्रोस’ आणि डच भाषेतला ‘ग्रोट’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिल्या एडवर्ड राजाच्या अमदानीत इंग्लंडात चार पेन्सचे जे चांदीचे नाणे निघाले, त्याला ‘ग्रोट’ हे नाव पडले ते याच कुळातून; ते जाड नाणे होते, एवढाच त्या नावाचा मतलब. १६११ साली सिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात गर्भवती मेरीचे वर्णन करताना ‘ग्रेट’ हेच विशेषण योजले आहे, आणि तिथे तिची थोरवी अभिप्रेत नसून अवघडलेले शरीर तेवढे अभिप्रेत आहे. जाडीवरून आकार, आकारावरून प्रमाण, प्रमाणावरून दर्जा आणि दर्जावरून स्तुती, अशा पायऱ्या चढत हा शब्द सिंहासनापाशी पोहोचला. आणि तिथून उतरून चहाच्या कपापाशी येऊन थांबला, तो अगदी अलीकडे.

इंग्रजांच्या देशाच्या नावातील ‘ग्रेट’ ही तर पुष्कळांच्या गैरसमजुतीची जागा आहे. ग्रेट ब्रिटन म्हणजे महान ब्रिटन, अशा समजुतीने आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी भूगोल पाठ केला, आणि ते नाव अहंकाराचे द्योतक मानून त्यावर त्रागाही केला. वास्तविक ते नाव तौलनिक आहे. खाडीपलीकडे फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा जो प्रांत आहे, तो लहान ब्रिटन. आणि समुद्राने वेढलेले मूळ बेट ते मोठे ब्रिटन, हा भेद मध्ययुगीन लॅटिन ग्रंथकारांनी केलेला आहे. १६०४ साली पहिल्या जेम्स राजाने आपल्या किताबात हे नाव घेतले आणि १७०७ साली इंग्लंड व स्कॉटलंड यांचे एकीकरण झाले तेव्हा ते कायद्याने रूढ झाले. एखाद्या जुन्या कारकुनाने त्या बेटाची नोंद आपल्या दप्तरात करावयाची म्हटली असती, तर ‘मौजे ब्रिटन बुद्रुक’ एवढेच लिहून त्याने शेजारच्या रकान्यात ‘मौजे ब्रिटन खुर्द’ लिहिले असते, आणि ती नोंद अर्थाच्या दृष्टीने तंतोतंत बरोबर ठरली असती.

आता आपल्या ‘थोर’ या शब्दाकडे वळावे. थोर म्हटले की आपल्या मनश्चक्षूंपुढे संत, समाजसुधारक आणि देशभक्त उभे राहतात. परंतु या शब्दाचे कूळ शोधीत मागे गेल्यास प्राकृतातील ‘थोर’ आणि संस्कृतातील ‘स्थूर’ अथवा ‘स्थूल’ हा शब्द हाती लागतो. म्हणजे इंग्रजांनी ज्या जाडीवरून थोरपणाची कल्पना केली, त्याच जाडीवरून आपल्या पूर्वजांनीही ती केली, आणि दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती. याहून मौजेची गोष्ट अशी की, ‘लहान’ हा शब्द संस्कृत ‘श्लक्ष्ण’ म्हणजे गुळगुळीत, तलम, नाजूक यावरून आलेला आहे. लहानथोर सगळे जमले, असे आपण सहज बोलून जातो, तेव्हा शब्दांच्या मूळ अर्थाने तलम आणि भरड असे दोन्ही जमले, असेच आपण म्हणत असतो.

मराठीने ‘थोर’चा उपयोग केवळ गौरवासाठी केला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. थोरले बाजीराव म्हणताना त्या पेशव्यांच्या पराक्रमाविषयीचा आदर आपल्या मनात असतो हे खरे. पण त्यांना थोरले म्हणण्याचे कारण पुढे त्याच नावाचा दुसरा पेशवा झाला, हे आहे. थोरले माधवराव हे सवाई माधवरावांहून वेगळे ओळखू यावेत म्हणून थोरले. घरातला थोरला मुलगा कर्तबगार असो वा नसो, धाकटा असल्याखेरीज त्याला थोरला म्हणता येत नाही. जोडी असेल तरच या विशेषणाला काम असते, आणि नेमके हेच काम बुद्रुक आणि खुर्द या शब्दांवर महसुली दप्तराने सोपविले.

ते काम कसे निर्माण झाले, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या व्यवस्थेत सरकारचा संबंध माणसापेक्षा मौजाशी अधिक असे. मौजाची जमाबंदी ठरे, मौजाची पाटीलकी व कुलकर्ण वतन म्हणून चाले, आणि परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांकडे हिशेब जाई तोही मौजेवार. एखाद्या गावाची वस्ती वाढली, काही कुटुंबांनी ओढ्यापलीकडच्या रानात घरे बांधली, त्या घरांची वाडी झाली आणि त्या वाडीला स्वतंत्र पाटील व स्वतंत्र जमाबंदी मिळाली, म्हणजे दप्तराच्या दृष्टीने तो नवा मौजा ठरे. लोक मात्र दोन्ही वस्त्यांना जुन्याच एका नावाने ओळखीत. एकाच परगण्यात एकाच नावाचे दोन मौजे आणि दोन वसूल, ही गोष्ट हिशेब ठेवणाराला परवडणारी नव्हती; म्हणून मूळ अथवा मोठी वस्ती ती बुद्रुक आणि फुटून निघालेली अथवा लहान वस्ती ती खुर्द, अशी निशाणी लावून त्याने आपल्यापुरता प्रश्न सोडविला. बहमनी राज्यापासून निजामशाही, मोगलाई आणि आसफजाही अशा एकामागून एक आलेल्या सत्तांच्या दप्तरात फारसीचा दबदबा राहिला. हैदराबाद संस्थानात तर १८८४ च्या सुमारास उर्दूने तिची जागा घेईपर्यंत सरकारी भाषा फारसीच होती. जालना, अंबड, भोकरदन हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे ही निशाणी इथे पक्की मुरली, यात नवल नाही. तथापि ती केवळ मराठवाड्याची मिरास आहे असेही नाही. पुण्याजवळ कोंढवा बुद्रुक व कोंढवा खुर्द, आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द अशा जोड्या आहेतच, आणि त्या मुलखात पेशवाई गाजली तरी कारकुनाची ही फारसी विशेषणे कोणी खोडली नाहीत. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झाला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण गावाच्या नावाला एकदा चिकटलेले विशेषण कोशाला दाद देत नाही.

एक बारकावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते: थोरली वाडी, धाकटी डहाणू, जुना जालना, नवा जालना. जालना शहरात कुंडलिकेच्या दोन तीरांवरील वस्त्यांना लोकांनी स्वतः नावे दिली, ती अशी जुना आणि नवा ही विशेषणे आधी ठेवूनच दिली. मग ‘बुद्रुक पारध’ असे न म्हणता ‘पारध बुद्रुक’ असे आपण का म्हणतो? फारसीत नाम आधी आणि विशेषण मागून, असा क्रम असतो, आणि त्या दोहोंना जोडणारा एक ऱ्हस्व स्वर मध्ये उच्चारला जातो. मराठी बोलणाऱ्यांनी तो स्वर टाकून दिला, शब्दाचा उच्चार आपल्या सोयीने वळविला, परंतु क्रम मात्र फारसीच ठेवला. अर्थात हे नाव शेतात अथवा चावडीत जन्मलेले नसून दप्तरात जन्मलेले आहे, याची साक्ष शब्दापेक्षा शब्दाची जागा अधिक स्पष्टपणे देते.

गंमत अशी की, इंग्लंडातही हाच प्रकार घडलेला आहे. तिथे ग्रेट मिसेंडन आणि लिटल मिसेंडन अशी शेजारी गावे आहेत. त्यांत विशेषण इंग्रजी वळणाने आधी येते. पण लीस्टरशायर परगण्यात ॲपलबी मॅग्ना आणि ॲपलबी पार्वा अशीही जोडी आहे. मॅग्ना म्हणजे मोठी, पार्वा म्हणजे लहान. दोन्ही शब्द लॅटिन, आणि दोन्ही नामाच्या मागे. मध्ययुगात तिथले धर्मपीठांचे व जमीनमहसुलाचे कागद लॅटिनमध्ये लिहिले जात. तिथल्या शेतकऱ्याला लॅटिन येत नव्हते, इथल्या कुणब्याला फारसी येत नव्हती. तरी दोघांच्याही गावाचे नाव त्यांना न येणाऱ्या भाषेत मोठे अथवा लहान ठरले.

मोठेपणाच्या शब्दांचे नातेसंबंध आणखी एका बाजूनेही लागतात. संस्कृत ‘महत्’, ग्रीक ‘मेगास’ आणि लॅटिन ‘मॅग्नुस’ हे एकाच आदिकुळातील शब्द आहेत, आणि इंग्रजीत त्या कुळाचा जो शब्द उरला तो ‘ग्रेट’ नसून ‘मच’ हा आहे. आज ‘मच’चा अर्थ पुष्कळ असा झाला, पण पूर्वी तो मोठा या अर्थाने सर्रास चाले, आणि ‘ग्रेट’ने त्याला हळूहळू त्या गादीवरून दूर सारले. हर्टफर्डशायरमध्ये मच हॅडम आणि लिटल हॅडम अशी गावे आजही आहेत, तिथे तो पदच्युत शब्द आपला जुना अर्थ सांभाळून बसला आहे. तेव्हा आपल्या ‘महान’चा इंग्रजीतील खरा चुलतभाऊ शोधावयाचा तर राजांच्या किताबांत न शोधता या खेड्याच्या पाटीवर शोधावा लागतो.

आणि बुद्रुकाचे कूळ? ते तर या सर्वांत अधिक दिमाखदार. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस सम्राटाने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास जो प्रचंड लेख कोरविला, त्याच्या आरंभीच तो स्वतःला थोर राजा म्हणवितो. तिथे थोर या अर्थी प्राचीन फारसीतील ‘वझ्रक’ हा शब्द आहे. त्याचेच मध्य फारसीत ‘वुझुर्ग’ झाले, पुढे ‘बुजुर्ग’ झाले, आणि दख्खनच्या दप्तरांतून फिरता फिरता भोकरदनच्या रानात येऊन ते ‘बुद्रुक’ झाले. राजाधिराजाच्या नावाला शोभविणारे विशेषण अडीच हजार वर्षांनी सातबाऱ्यावर एका अक्षरापुरते उरावे, हा काळाचा महिमा म्हणावा की कारकुनाच्या काटकसरीचा, ते वाचकांनी ठरवावे. याच शब्दाची दुसरी खेप मराठीत हिंदी-उर्दूच्या वाटेने आली, आणि त्या खेपेला तो वयोवृद्धाचा आदरवाचक शब्द बनून आला. बुजुर्ग कलावंत, बुजुर्ग पुढारी असे आपण म्हणतो ते त्या दुसऱ्या आगमनाचे फळ. एकच पाहुणा दोन वेगळ्या दारांनी घरात यावा आणि घरच्यांनी त्याला दोन माणसे समजावे, तसे हे झाले. खुर्दाचीही शाखा मराठीत आहे: मोड म्हणून मिळणारी चिल्लर नाणी ती ‘खुर्दा’, आणि शत्रूसैन्याची दाणादाण झाली म्हणजे त्याचा उडतो तोही ‘खुर्दा’च. उत्तरेत मोठ्या गावासाठी ‘बुजुर्ग’बरोबरच ‘कलां’ हे आणखी एक फारसी विशेषण चालते. भगतसिंगांच्या घराण्याचे पंजाबातील खटकड कलां हे गाव त्या निमित्ताने सर्वांना ऐकून माहीत असते. मराठी मुलखात मात्र बुद्रुकानेच बाजी मारली.

थोरपणाच्या बिरुदांचा विषय निघालाच आहे, तर अकबर बादशहाचाही उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. ‘अकबर’ या अरबी शब्दाचाच अर्थ सर्वांत मोठा असा आहे. तेव्हा ‘अकबर द ग्रेट’ म्हणणारा इंग्रज इतिहासकार त्याला मोठ्यांतला मोठा, तोही मोठा, असे म्हणत असतो. बिरुदावर बिरुद चढविण्याची ही हौस दप्तरातील कारकुनाला मुळीच नव्हती, आणि म्हणून त्याचे विशेषण मला अधिक प्रामाणिक वाटते.

सर्वच गावांना त्याने हा एकच उपाय लावला असेही नाही. जिथे एका नावाची गावे शेजारी नसून दूरदूर विखुरलेली होती, तिथे मोठे-लहान म्हणण्यात अर्थ नव्हता. तिथे लोकांनी आपल्या मनाने खुणा लावल्या, आणि त्या अधिक बोलक्या आहेत. भोकरदन तालुक्यातले ते पिंपळगाव रेणुकाई, घनसावंगी तालुक्यातले ते कुंभार पिंपळगाव. एकाची ओळख देवीवरून, दुसऱ्याची कारागिरांवरून. त्याच घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव १६०८ साली समर्थ रामदासांच्या जन्माने पावन झाले, म्हणून त्याचे जांब समर्थ झाले. या खुणांत कोणी कोणाहून मोठे नाही, ही त्यांची सोय.

शेजारी असूनही एका नावाने न बांधलेल्या गावांची एक गोष्ट मात्र या जिल्ह्यात सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणावर शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभ्या असताना, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याला केळना ओलांडण्यासाठी उतार हवा होता. वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे सांगितले. वेलस्लीला दुरून पिंपळगाव आणि वारूर अशी दोन गावे नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दिसली, आणि इतकी लगटून वसलेली दोन गावे एकमेकांकडे जाण्यायेण्याची वाट असल्याखेरीज राहणार नाहीत, असा तर्क करून त्याने तिकडे सैन्य वळविले. उतार तिथे होताच. पुढे वॉटर्लू जिंकल्यावर त्याचे देशबांधव त्याला ‘ग्रेट ड्यूक’ म्हणू लागले. पण त्या ग्रेटपणाच्या पायाशी शेजारच्या दोन खेड्यांचे साधे नाते होते, जे नदीकाठच्या कोणत्याही गुराख्याला न विचारता ठाऊक असते.

बुद्रुक आणि खुर्द यांच्यातही हेच नाते असते. सोयरिकी, यात्रा, पाण्याची भांडणे आणि बांधाचे तंटे दोन्हीकडे सारखेच. निशाणी लागली त्या वेळी जे लहान होते ते पुढे लहानच राहिले असेही नाही. पुण्याचे कोंढवा खुर्द आज उंच इमारतींनी गजबजून गेले आहे, तरी कागदावर ते खुर्दच. हमरस्ता ज्या तीरावरून गेला, शाळा अथवा बाजार ज्या वस्तीत आला, ती वस्ती फोफावली. दप्तर मात्र आपला जुना निवाडा बदलीत नाही. त्यामुळे खुर्दच्या माणसाने कमीपणा मानण्याचे कारण नाही आणि बुद्रुकच्या माणसाने मिशीला पीळ देण्याचेही नाही. या विशेषणांत प्रतिष्ठेचा निवाडा कधी नव्हताच. वसुलाचे दोन रकाने एकमेकांत मिसळू नयेत, एवढीच त्यांची मर्यादित मतलबी भूमिका होती.

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून जालना जिल्हा अस्तित्वात आला, आणि पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा या तालुक्यांची भर पडून तालुक्यांची संख्या ८ झाली. जिल्हे बदलले, तालुके फुटले, सरकारी भाषा फारसीची उर्दू व उर्दूची मराठी झाली, ‘बु.’ आणि ‘खु.’ तेवढे जागच्या जागी आहेत. आपल्या गावाच्या नावाला ही निशाणी असेल, तर ते गाव शेजारच्या गावापासून केव्हा आणि कोणत्या कारणाने वेगळे झाले, पहिली पाटीलकी कोणत्या घराण्याकडे होती आणि मूळ पांढरी कोणती, हे गावातील वृद्धांना विचारून आताच टिपून ठेवावे. कारण मोडी आणि फारसी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. आणि ग्रामपंचायतींना एक विनंती: वेशीवरची पाटी पुन्हा रंगवाल तेव्हा नुसते ‘बु.’ न लिहिता ‘बुद्रुक’ असे पूर्ण लिहा.